लाईट गेली-आली की बोर्डावर ‘आज सुट्टी’ यायलंय. कुणी हॅक केलंय का?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. थोडं लांब लिहितेय, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुम्हालाही कळायचं नाही.

आम्ही लातूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा सात जणांचा क्लब आहे. कॉलेजात नोटीस म्हणजे कागद. तो वाऱ्यानं उडतो नाहीतर बकरी खाते (खोटं नाही, गेटच्या बाजूचं कुंपण अर्धंच आहे), आणि मग ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायला सगळे मोकळे. म्हणून वर्गणी काढून गेटवर, वॉचमन मामांच्या खोलीच्या कपाळावर, आम्ही स्वतः बनवलेला डिजिटल बोर्ड बसवला. पी-१० चे (एलईडी दिव्यांच्या तयार पाट्या, दोन दिव्यांत १० मिमी अंतर) चार लाल पॅनल एका ओळीत. एक पॅनल ३२ सेंमी लांब, १६ सेंमी उंच, त्यात आडवे ३२ आणि उभे १६ असे ५१२ दिवे. फ्रेम एका मेंबरच्या काकांनी खिडक्यांच्या उरलेल्या अ‍ॅल्युमिनियममधून करून दिली, म्हणून तिला आजही एका बाजूनं मच्छरदाणीची खाच आहे. आत एक नोडएमसीयू, म्हणजे ईएसपी ८२६६ ही वाय-फायवाली प्रोग्रॅम चालवणारी चिप, आणि २३० चे ५ व्होल्ट करून देणारा ४० अँपिअरचा एसएमपीएस. कॉलेजच्या वाय-फायला आधी लॉगिनचं पान भरावं लागतं, ते बोर्डाला जमत नाही. त्यामुळं मामांच्या खोलीत काच फुटलेला एक जुना फोन हॉटस्पॉट करून चार्जिंगला लावून ठेवलाय. आम्ही मोबाइलवरून मजकूर टाकतो, तो एमक्यूटीटीच्या (यंत्रांना छोटे निरोप पाठवायची पद्धत) एका फुकटच्या सार्वजनिक ब्रोकरवर, म्हणजे निरोप वाटणाऱ्या सर्व्हरवर जातो, तिथून बोर्ड उचलतो.

आता झालं ते सांगते. दोन-अडीच आठवड्यांपूर्वी धो धो पाऊस झाला, जिल्हाधिकाऱ्यांनी शाळा-कॉलेजला सुट्टी दिली, आणि आम्ही सकाळी सहालाच ‘पावसामुळे आज सुट्टी’ टाकलं. काय कौतुक झालं! पुढं दहा-बारा दिवस परीक्षा फॉर्म, बसपास, हरवलेला कॅल्क्युलेटर असले मजकूर नीट चालले. मागच्या गुरुवारी पहाटे विजा कडाडल्या, लाईट गेली, साडेसहाला आली. सात वीसला औशाची एसटी आली. पोरं उतरली, वर बघितलं, तर ‘पावसामुळे आज सुट्टी’. आभाळही भरलेलंच. ड्रायव्हरनं गाडी वळवायच्या आत अर्धी पोरं परत त्याच गाडीत. निलंग्याच्या गाडीचंही तेच.

मला साडेसातला फोन आला. मी घरूनच दुरुस्तीचा मजकूर टाकला: ‘सुट्टीचा संदेश चुकून आला आहे. आज कॉलेज नेहमीप्रमाणे सुरू आहे. सर्व विद्यार्थ्यांनी तासाला हजर राहावे.’ तो बोर्डावर आलाच नाही. परत टाकला, नाही. पाच वेळा टाकला. शेवटी एकीनं वैतागून इंग्रजीत नुसतं ‘कॉलेज ओपन’ टाकलं, ते टाकल्या टाकल्या आलं! तोवर साडेआठ झाले होते आणि पहिल्या तासाला फक्त हॉस्टेलची पोरं.

प्राचार्यांनी स्वतःच्या हातानं स्विच बंद केला. म्हणाले, १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला हा बोर्ड नीट चालला तर राहील, नाहीतर भंगारात. सगळे म्हणायलेत की दुसऱ्या ब्रँचवाल्यांनी हॅक केला. मलाही तसंच वाटायलंय, कारण मराठी अडवून इंग्रजी सोडणारं यंत्र मी तरी आजवर बघितलं नाही.

आणखी दोन रडगाणी आहेत. चौथा पॅनल पुसट दिसतो, आणि मधूनच कुठंही लाल ठिपके चमकतात. आणि जोडाक्षरं फुटतात. ‘विद्यार्थी’ लिहिलं तर वेलांटी व च्या नंतर जाऊन बसते, द चा पाय मोडतो, रेफ तर गायबच. १७ तारखेला ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ लिहायचंय. त्यातल्या ‘मुक्ति’चं काय होतं ते सांगत नाही.

अकरा दिवस हातात आहेत.


तयारमाल

वाय-फायवाला बोर्ड तयार मिळतो बाजारात. अ‍ॅपवरून मराठीही येते. कशाला एवढा व्याप?


मांजराकाठ (लातूर)

मिळतो, माहितीय. मग क्लबात काय भजी तळायची?


वाळूजवरून

हॅकरचं नंतर बघू. मी वाळूजच्या एमआयडीसीत ऑटोमेशनमध्ये आहे, असली भुतं उतरवणं हा आमचा रोजचाच धंदा. आधी एवढं सांगा:

बोर्ड बंद करून चालू केला तर दर वेळी हाच मजकूर येतो, की कधी हा कधी तो? चालू केल्या केल्या येतो, की इंटरनेट जोडलं गेल्यावर? आणि सुट्टीचा मजकूर ज्या फोनवरून टाकला त्याच फोनवरून नंतरचे टाकले का? प्रोग्रॅममध्ये एमक्यूटीटीची लायब्ररी कुठली आहे तेही लिहा.


मांजराकाठ (लातूर)

मामांना चहा पाजून पाच मिनिटं स्विच मिळवला. चार वेळा बंद-चालू केलं. चारही वेळा तोच मजकूर. आधी कॉलेजचं नाव फिरतं, ते प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं आहे. मग हॉटस्पॉट जोडला गेला की दोनेक सेकंदांत ‘पावसामुळे आज सुट्टी’. पाचव्या वेळी हॉटस्पॉटच बंद ठेवला, तर नुसतं नाव फिरत राहिलं. म्हणजे मजकूर बोर्डाच्या पोटात नाही, बाहेरून यायलाय. हे खरं तर आम्ही आधीच करून बघायला पाहिजे होतं, पण भांडणातच तीन दिवस गेले.

सुट्टीचा मजकूर सेकंड इयरच्या एका पोरानं टाकला होता, त्याच्याकडं वेगळं अ‍ॅप आहे. नंतरचे सगळे मी नाहीतर माझ्या रूममेटनं. लायब्ररी पबसबक्लायंट.


वाळूजवरून

सापडलं. दोन्ही भुतं घरचीच आहेत.

त्या पोराच्या अ‍ॅपमध्ये ‘रिटेन’ला टिक असणार, तुमच्यात नसणार. रिटेन लावून पाठवलेला मजकूर ब्रोकर त्या टॉपिकवर (निरोपाच्या पत्त्यावर) जपून ठेवतो आणि नव्यानं जो कुणी जोडला जाईल त्याच्या हातात आधी तोच देतो. रिटेन न लावता पाठवलेला मजकूर त्या घडीला जे जोडलेले असतील त्यांना मिळतो आणि संपतो, जपलेल्याला तो हात लावत नाही. तुमचे पुढचे दहा-बारा दिवसांचे मजकूर बोर्डावर दिसले खरे, पण ब्रोकरच्या खिशात चिठ्ठी सुट्टीचीच राहिली.

शेतातल्या मोटारीला ऑटो लावलेला असतो ना, तसं समजा. रात्री दोनला थ्रीफेज येते, मोटार आपली आपण सुरू होते, आणि पाणी जातं कुठं? ज्या वावराचा वाल शेवटी उघडा ठेवला तिथं. दिवसभर तुम्ही बादलीनं दुसऱ्या वाफ्यात किती का पाणी घातलेलं असेना.

उतारा सोपा आहे. त्याच टॉपिकवर रिटेन लावून रिकामा मजकूर पाठवा, चिठ्ठी फाटते. पण तेवढ्यावर थांबू नका. रिटेन वाईट नाही, उलट तुमच्या कामाला तेच पाहिजे, नाहीतर लाईट आल्यावर बोर्डाला ताजा मजकूर कळणार कसा? फक्त सगळ्यांनी, सगळे मजकूर रिटेन लावूनच टाकायचे. अर्धे असे अर्धे तसे केलं की परत हेच.

आणि प्रत्येक मजकुराला मुदत लावा. ‘आज सुट्टी’ला त्याच दिवशीचे संध्याकाळचे सहा. मुदत सरली की बोर्डानं तो मजकूर आपणहून उतरवायचा. त्यासाठी बोर्डाला घड्याळ लागतं. इंटरनेटवरून एनटीपीनं वेळ घ्या, आपल्या वेळेसाठी १९८०० सेकंद वाढवा. इथं एक खड्डा आहे, मी स्वतः पडलोय. वेळ मिळेपर्यंत ईएसपीला उठल्या उठल्या १ जानेवारी १९७० वाटत असतं. त्याच्या हिशेबानं तुमची मुदत अजून पन्नासेक वर्षं लांब आहे, म्हणजे शिळा मजकूरही त्याला ताजाच. घड्याळ लागेपर्यंत कॉलेजच्या नावाशिवाय काहीही दाखवू नका. हॉटस्पॉटचा भरवसा नसेल तर डीएस३२३१ चं छोटं घड्याळ सेल घालून जोडून टाका.

आता मराठी अडवणारं भूत. पबसबक्लायंट ठरल्या मापापेक्षा मोठा मजकूर आला की मुकाट्यानं टाकून देते. ना एरर, ना हूं ना चूं. माप तुम्ही बदललं नसेल तर २५६ बाइट, आणि टॉपिकचं नावही त्यातच धरायचं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीला यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक खुणेला तीन: अक्षराला तीन, कान्याला तीन, मात्रेला, पाय मोडायच्या खुणेला, अनुस्वाराला, सगळ्यांना तीन तीन. तुमचा दुरुस्तीचा मजकूर मी बसून मोजला. ८४ खुणा, तिपटीनं २५२. मधल्या जागा आणि पूर्णविराम १७. एकूण २६९. एकट्या ‘विद्यार्थ्यांनी’नं ४५ खाल्ले. ‘कॉलेज ओपन’ला इंग्रजीत जागेसकट १२ लागले, ते सुखानं गेलं. ‘तासाला हजर राहावे’ लिहायचा मोह टाळला असता तर त्या दिवशी कॉलेज भरलं असतं.

सेट-बफर-साइझनं माप १०२४ करा.

राहिला हॅकर. तो नाही, पण दार सताड उघडं आहे हे खरं. सार्वजनिक ब्रोकरवर ज्याला टॉपिकचं नाव माहीत आहे तो काहीही टाकू शकतो, आणि नाव माहीत नसलं तरी तिथं काय काय चाललंय ते बघता येतं. लॅबमध्ये एखादा जुना पीसी पडून असेल तर त्यावर मॉस्क्विटो, म्हणजे स्वतःचा ब्रोकर बसवा, पासवर्ड लावा. बोर्डाला तो गाठता यावा म्हणून तोही बोर्डाच्याच नेटवर्कवर घ्यावा लागेल.


परभणी एलईडी

भाऊ, मी परभणीत बोर्ड बनवतो. दुकानांचे, मंडळांचे, मंगल कार्यालयांचे. वरचं रिटेन-फिटेन मला कळलं नाही, पण मोटारीचं कळलं, माझ्याही वावरात ऑटो आहे.

चौथा पॅनल पुसट म्हणजे पोटाला मिळेना. तुम्ही पहिल्या पॅनलला सप्लाय देऊन तिथून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला अशी माळ ओवली असणार. नवीन पोरं सगळी असंच करतात. सगळे दिवे एकदम लावा आणि मल्टीमीटर चौथ्या पॅनलच्या ५ व्होल्टच्या टोकांवरच धरा, एसएमपीएसवर धरू नका. तिथं काय येतंय ते सांगा. हा पॅनल एका वेळी चौथा हिस्साच दिवे लावतो, म्हणजे १२८, आणि इतक्या भराभर आळीपाळीनं लावतो की डोळ्याला सगळे लागलेले दिसतात. तरी सगळे लावले की एक पॅनल अडीच-तीन अँपिअर ओढतो. मी मोजलेत.

प्रत्येक पॅनलला एसएमपीएसपासून वेगळी जोडी न्या. दीड चौरस मिमीची वायर चालेल, लांब असेल तर अडीचची. टोकाला लग दाबून लावा, नुसती पिळून स्क्रूखाली घालू नका, पावसाळ्यात हिरवी पडते. पाच व्होल्टचं काम सगळं मेन काढून करा, एसएमपीएसच्या पट्टीवर २३० ची टोकं शेजारीच असतात. बॉडीला अर्थिंग दिलंय का? फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची म्हणताय. नसेल तर आधी ते.

ठिपक्यांचं वेगळं आहे. पॅनलच्या दारात ७४एचसी२४५ ही आलेला सिग्नल पुढं देणारी चिप, तिचा पहारेकरी बसलेला असतो. तो ५ व्होल्टवर चालतो आणि साडेतीन व्होल्ट आले तरच ‘हो’ नक्की समजतो. तुमचा ईएसपी देतो ३.३. म्हणजे जेमतेम. कधी ऐकू येतं, कधी नाही, तेच ठिपके. मध्ये एक ७४एचसीटी२४५ टाका. एचसी नाही, एचसीटी. त्याला दोन व्होल्ट पुरतात आणि पुढं पूर्ण पाच देतो. एफआरसी केबल (सिग्नलची चपटी पट्टीची वायर) वीतभरच ठेवा.

एक सांगून ठेवतो. वायरी बदलल्या की ठिपके कमी नाही, वाढतील. घाबरू नका. सप्लाय पडलेला असतो तेव्हा चिपची अपेक्षाही पडलेली असते, म्हणून ३.३ चालून जातात. सप्लाय सुधारला की तिचा भाव वाढतो.


मांजराकाठ (लातूर)

काका, भाऊ नाही, मुलगी आहे मी.

मोजलं. पहिल्यावर ४.८, चौथ्यावर ४.१. माळच ओवली होती, आणि तीही ब्रेडबोर्डच्या केसासारख्या वायरींची. तुम्ही बघितल्यासारखं कसं काय सांगितलंत? अर्थिंग नव्हतं. मामांच्या खोलीच्या स्विचबोर्डातून आज घेतलं, कॉलेजच्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावून. त्यांनी आधी दहा मिनिटं आम्हाला झापलं.

मधूनच चार आडव्या रेघा जळत राहतात आणि सगळं थिजतं, तेही सप्लायमुळंच का?


परभणी एलईडी

चुकलं ताई, माफी.

चार रेघा म्हणजे पहिली, पाचवी, नववी, तेरावी, नाहीतर त्यांच्या शेजारच्या चार. म्हणजे पॅनल चांगला आहे, त्याला ‘पुढचा नंबर’ सांगणारा झोपला. तुमचा ईएसपी अडकतोय. तिथून पुढं वाळूजवाल्यांचं काम.


वाळूजवरून

८२६६ मध्ये एकच कोर, म्हणजे काम करणारा एकच मेंदू. तोच वाय-फाय सांभाळतो, तोच पॅनल फिरवतो. वाय-फाय सुटून परत जोडताना तुमचा प्रोग्रॅम वाट बघत उभा राहत असेल, तर पॅनल ताटकळतो. जमलं तर ईएसपी ३२ घ्या, त्यात दोन कोर असतात: एकावर इंटरनेट, दुसऱ्यावर फक्त पॅनल. कुठलाही घेतला तरी पॅनल फिरवणारं इंटरप्टचं फंक्शन (हातातलं काम थांबवून ठरल्या वेळी धावणारा प्रोग्रॅमचा तुकडा) आयरॅममध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या मेमरीत ठेवा, नाहीतर फ्लॅशवर काही लिहायला गेलं की कोसळतं.


अक्षरजुळणी (अंबाजोगाई)

जोडाक्षरांकडं कुणी वळलंच नाही म्हणून लिहितो. माझं डीटीपी आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे, वेलांटीशी आमचं जुनं वैर.

जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये आम्ही वेलांटी आधी टाइप करायचो, मग क. जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे: आधी क, मग वेलांटी. दिसताना तिला उचलून डावीकडं न्यायचं काम मागं एक वेगळा प्रोग्रॅम करत असतो. संगणकात, मोबाइलमध्ये तो असतो, तुमच्या त्या चिमुकल्या डबीत नाही. तुम्ही बहुतेक एकेका खुणेचं चित्र करून ठेवलंय आणि ज्या क्रमानं आल्या त्या क्रमानं मांडताय. ‘विद्यार्थी’ म्हणजे व, वेलांटी, द, हलन्त (पाय मोडायची खूण), य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी. दहा खुणा. वाचणाऱ्याला तीनच अक्षरं दिसली पाहिजेत: वि, द्या, र्थी.

माझं म्हणणं, बोर्डाला अक्षरं पाठवूच नका. चित्र पाठवा. मोठ्या संगणकावर ओळ जुळवून घ्या, तिचे काळे-पांढरे ठिपके करा, ती पट्टी पाठवा. बोर्डानं फक्त सरकवत न्यायची.

उंचीला १६ ठिपके म्हणजे मात्र जीव मुठीत. मी कागदावर चौकटी आखून बघितलं. वरच्या चार ओळी वेलांटी, रेफ, मात्रा, अनुस्वाराला. पाचवी शिरोरेषा. सहा ते तेरा अक्षराचं अंग. चौदा ते सोळा उकाराला. ‘मुक्ति’त वेलांटीची कमान अख्ख्या क्त च्या डोक्यावरून गेली पाहिजे. नुसती त वर टेकवली तर ते ‘मुक्‌ति’ होतं, वाचणारा अडखळतो. तीन ठिपके उंच कमान पुरते. क्त मध्ये क ची उजवी गाठ कापा, त ला जागा होते. संगणकानं दिलेली पट्टी जशीच्या तशी घेऊ नका, एवढ्या लहान आकारात तो अक्षरांचा चिखल करतो. नेहमी लागणारे पंधरा-वीस शब्द हातानं साफ करून ठेवा. पैसे जमले की खाली आणखी चार पॅनल लावा, ३२ ओळींत मराठी मोकळा श्वास घेते.


वाळूजवरून

अक्षरजुळणी साहेबांशी सहमत. पायथनमध्ये पिलोला (चित्रं बनवायची लायब्ररी) रॅक्म (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) जोडलेलं असेल तर जोडाक्षरं तोच जुळवतो. ‘मुक्त’ नावाचा किंवा नोटो देवनागरी फॉन्ट घ्या आणि भाषा मराठी आहे असं मुद्दाम सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. पट्टी ६४० ठिपके लांब, १६ उंच धरली तर १०,२४० बिट, म्हणजे १२८० बाइट. आता बफर १०२४ वर भागायचं नाही, २०४८ करा. मी मघाशी कमी सांगितलं.


मांजराकाठ (लातूर)

१३ तारीख. झालेलं सांगते.

चिठ्ठी फाडली. रिकामा मजकूर पाठवला, बोर्ड बंद-चालू केला, सुट्टी गेली ती गेली. इतकं सोपं निघालं की राग आला. सेकंड इयरचा पोरगा दोन आठवडे तोंड लपवून फिरत होता, त्याला कॅन्टीनला नेऊन चहा पाजला. त्याचीच टिक बरोबर होती, आमचीच चूक, हे आम्हाला तीनदा म्हणायला लावलं त्यानं.

चारही पॅनलना वेगळ्या वायरी. चौथ्यावर आता ४.९. आणि काका, ठिपके वाढले! रूममेट रडायलाच आली होती, मी म्हटलं थांब, परभणीत याची भविष्यवाणी झालेली आहे. लातुरात दुकानदारानं एचसीटी म्हणून एचसीच दिला. चिपवरचं बारीक अक्षर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचलं म्हणून कळलं. परत गेलो, बदलून आणला. ठिपके गेले.

ईएसपी ३२ लावला. मुदत लावली, घड्याळ लागेपर्यंत फक्त नाव. लॅबमधला एक पीसी मिळाला, त्याच्यावर मॉस्क्विटो आणि पट्टी करायचा प्रोग्रॅम. तोही मामांच्या खोलीतच ठेवलाय, त्याच हॉटस्पॉटवर. त्याला आणि हॉटस्पॉटच्या फोनला मिळून ऑफिसातला जुना यूपीएस, नाहीतर आमची चिठ्ठीच लाईटबरोबर जायची. पिलोनं ‘मुक्तिसंग्राम’चा खरंच चिखल केला. काल रात्री हॉस्टेलवर चौकटीच्या वहीत आम्ही तिघींनी तो शब्द काढला. ग्रा चा र कुठं घालायचा यावर एक वाजेपर्यंत वाद.


मांजराकाठ (लातूर)

१७ सप्टेंबर, संध्याकाळ.

सकाळी झेंडावंदनाला सगळे मैदानात, बोर्डावर ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’. वेलांटी जागेवर, कमान अख्ख्या क्त वरून. प्राचार्य भाषणात १९४८ पर्यंत पोचले आणि लाईट गेली. माइक बंद, बोर्ड बंद. प्राचार्यांनी आवाज चढवून भाषण चालू ठेवलं, पण मैदानातली निम्मी पोरं मागं वळून बोर्डाकडंच बघायलेली. एकजण तर मोठ्यानं म्हणाला, ‘आता सुट्टी येणार!’

बारा मिनिटांनी लाईट आली. आधी कॉलेजचं नाव. ते फिरतंय, फिरतंय, माझ्या हाताला घाम. घड्याळ लागायला वीस-पंचवीस सेकंद लागले असतील. मग शिरोरेषा उजवीकडून आत आली आणि ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिना...’. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांना वाटलं भाषणाला, आम्ही काही बोललो नाही.

कार्यक्रम संपल्यावर मराठीच्या मॅडम आल्या. मला वाटलं शाबासकी. म्हणाल्या, ‘आजच्या दिवशी शुभेच्छा कसल्या देताय गं? हुतात्म्यांना अभिवादन लिही.’ बरोबरच होतं. तिथंच उभं राहून बदललं, ‘त्म्यां’ बोर्डावर धड आलं नाही, अनुस्वार रेषेत मिसळला, पण मॅडमनी चष्मा आणला नव्हता.

बोर्ड राहिला. मामा म्हणायलेत, औशाच्या गाडीचा टाइम टाका, दिवसभर पोरं मलाच विचारतात.

एकच राहिलंय. दुपारपासून तिसऱ्या पॅनलच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन लागतच नाही. आडवे आठ, उभे चार दिवे. वायर हलवून बघितली, काही फरक नाही.


परभणी एलईडी

आठ गुणिले चार म्हणजे एक ७४एचसी५९५, दिवे लावणारी-विझवणारी चिप, गेला. पॅनलच्या मागं सोळा असतात, एकेकाकडं ३२ दिवे. त्या चौकोनाच्या आसपासचा बघा, बोट लावून गरम लागतोय का. गरम असला तर तोच.

स्वतः काढायला जाऊ नका, खालच्या तांब्याच्या पट्ट्या उखडतात. रविवारी परभणीला या, हॉट एअरनं बदलून देतो. अख्खा बोर्ड आणू नका, तिसरा पॅनल तेवढा आणा, पेपरात गुंडाळून. आणि त्या शब्दाची चौकटीची वही पण आणा. आमच्या मंडळाच्या बोर्डाला ‘मुक्ति’ अजून फुटकंच आहे.